अज्ञेयवादी माणसाने एएच्या मीटिंगला जावं का? (नाशिक)

शंकेखोर

नमस्कार. इथे बरीच वर्षं फक्त वाचतोय, लिहिण्याची वेळ पहिलीच.

दारू सोडली आहे. दवाखान्यात राहून डिटॉक्स झालं, हातांची थरथर गेली, झोप हळूहळू परत येते आहे. घरी सोडताना डॉक्टरांनी दोन गोष्टी बजावल्या. गोळ्या स्वतःच्या मनाने बंद करायच्या नाहीत आणि अल्कोहोलिक्स अॅनॉनिमसच्या, म्हणजे दारू सोडू पाहणाऱ्यांनी एकमेकांना आधार देणाऱ्या एएच्या मीटिंगना जायचं. पहिली गोष्ट जमते आहे, दुसरीपाशी अडलोय.

मी अज्ञेयवादी आहे. देव नाही असं मी ठासून म्हणत नाही. आहे की नाही हे मला कळलेलं नाही आणि पुढे कळेल असंही वाटत नाही. आमचं घर पंचवटीतलं, आजोबा आणि वडील रामकुंडावर विधी करणारे. श्रद्धा लहानपणापासून फार जवळून पाहिली. तिच्याबद्दल राग नाही, ती माझ्यात आली नाही एवढंच.

एएचं मराठी पत्रक वाचलं. दारूपासून दूर राहण्यासाठी ते बारा पायऱ्या सांगतात, त्यांपैकी सहांमध्ये देव किंवा आपल्याहून मोठी शक्ती येते. तिच्यावर विश्वास ठेवायचा, आयुष्य तिच्या हवाली करायचं, आपले दोष दूर कर म्हणून तिला विनवायचं. मी हे म्हटलं तर ते खोटं असेल. पीत होतो तेव्हा आईने मला सप्तशृंगी गडावर नेऊन शपथ घ्यायला लावली होती. तिच्या चेहऱ्याकडे बघून मी ती घेतली. त्या शब्दांमागे माझं काहीच नाही हे घेतानाच ठाऊक होतं. आता पुन्हा न पटलेलं काही तोंडाने म्हणून सुरुवात करायची इच्छा नाही. पिण्याबरोबर खोटं बोलणंही सुटायला हवं, नाहीतर माझं पिणं परत येईल अशी मला खरीच भीती आहे.

जे स्वतः जातात, जे जाऊन परत आले, ज्यांनी न जायचं ठरवलं, त्यांचं ऐकायचं आहे. देव आहे की नाही यावर कृपया इथे चर्चा नको.

मखमलाबादकर

शंकेखोर, मी जातो. बऱ्याच वर्षांपासून. आणि देवाच्या बाबतीत मी तुमच्यापेक्षाही पलीकडे आहे, मी मानतच नाही.

आधी तिथे नेमकं काय होतं ते सांगतो, कारण पत्रक वाचून मनात जे उभं राहतं त्यापेक्षा ती खोली बरीच साधी असते. शाळेचा वर्ग, चर्चचा हॉल, एखाद्या संस्थेची खोली, जे भाड्याने मिळेल ते. तास-दीड तास चालतं. सुरुवातीला एएची प्रस्तावना वाचतात, मग एकेक जण नुसतं पहिलं नाव सांगून स्वतःबद्दल बोलतो. मध्ये कोणी तोडत नाही, सल्ला देत नाही. बोलायचं नसेल तर 'आज फक्त ऐकतो' म्हणायचं, पाळी पुढे जाते. फी नाही. एक पिशवी फिरते, तिच्यात टाकायचे तर टाका. बाहेरच्या देणग्या एए घेत नाही, त्यामुळे कोणाचं मिंधेपण नाही. शेवटी सगळे उभे राहून शांतीची प्रार्थना म्हणतात. मी उभा राहतो, म्हणत नाही. का म्हणत नाहीस असं मला आजवर कोणी विचारलेलं नाही.

सभासद होण्याची अट एकच, दारू सोडण्याची इच्छा. गट कसे चालावेत हे सांगणाऱ्या त्यांच्या बारा परंपरांमधली ही तिसरी, १९५० साली रीतसर स्वीकारलेली. श्रद्धेची अट तिच्यात नाही.

थोडा इतिहास, कारण मला त्याचा उपयोग झाला. १९३५ मध्ये अमेरिकेतल्या अॅक्रन गावात बिल विल्सन हा शेअर बाजारातला माणूस आणि डॉ. बॉब स्मिथ हे सर्जन भेटले, तिथून हे सुरू झालं. दोघेही त्या काळच्या एका ख्रिस्ती चळवळीत वावरलेले, म्हणून पायऱ्यांवर तो ठसा आहे. पण १९३९ मध्ये त्यांचं मुख्य पुस्तक निघालं तेव्हाच गटात न मानणारे लोक होते आणि त्यांनी भांडून घेतलं. 'आम्हाला जसा समजला तसा देव' ही सूट जिम बर्वेलसारख्यांच्या हट्टामुळे आली. त्या पुस्तकात अज्ञेयवाद्यांसाठी स्वतंत्र प्रकरण आहे. ते वाचा, पण फार आशेने वाचू नका. ते आपल्याला प्रेमाने जवळ बसवतं आणि शेवटी श्रद्धेकडेच वळवू बघतं. मला ते प्रकरण पटलं नाही, मीटिंग पटली.

का पटली ते सांगतो. मी अंबडला नोकरीला होतो. सुटल्यावर घराच्या रस्त्यावर दोन वाइन शॉप. तो अर्धा तास माझा सगळ्यात वाईट. बायकोला फोन करून 'प्यावंसं वाटतंय' म्हटलं तर ती घाबरायची. मित्राला म्हटलं तर तो म्हणायचा, एकाने काय होतंय, ये. ज्याला एवढंच वाक्य सांगितलं तरी पुरतं, जो घाबरत नाही आणि बोलावतही नाही, असा माणूस मला त्या खोलीतच मिळाला. तो रोज देवपूजा करणारा आहे. आमचं त्यावरून कधी अडलं नाही.

अनामिका_ना

मी पत्नी म्हणून लिहिते. माझी देवावर श्रद्धा आहे, यांची नाही. दोन वर्षं हे मला सांगत होते की तिथे भजनं असतात, मला ते जमणार नाही. नंतर कळलं की ते एकाही मीटिंगला गेले नव्हते.

शंकेखोरदादा, तुमच्यावर संशय घेत नाही, तुम्ही फार मोकळेपणाने लिहिलं आहे. तरी एक विचारते. तिथे देवाचं नाव अजिबात नसतं तर तुम्ही आतापर्यंत गेला असता का?

शंकेखोर

ताई, प्रश्नावर काल रात्रभर विचार केला. उत्तर: कदाचित नसतो गेलो. नाशिक लहान आहे. पंचवटीत आम्हाला सगळे ओळखतात, वडिलांना तर जास्तच. मीटिंगच्या दारात ओळखीचं कोणी भेटलं तर काय, ही धास्ती आहेच. पण देवाचा मुद्दा त्यासाठी पुढे केलेला नाही. दोन्ही अडचणी खऱ्या आहेत.

मखमलाबादकर

ओळखीचं भेटेल. मला माझ्या जुन्या कंपनीतला सुपरवायझर भेटला. तोही त्याच कारणासाठी तिथे बसला होता, त्यामुळे बाहेर बोलण्यात दोघांचंही नुकसान. त्या खोलीतलं बाहेर काढायचं नाही हा नियम लोक मनापासून पाळतात.

दोन व्यावहारिक गोष्टी. मीटिंग दोन प्रकारच्या असतात. बंद मीटिंग फक्त पिण्याचा त्रास असलेल्यांसाठी, खुल्या मीटिंगला घरचे किंवा इतर कोणीही येऊ शकतं. सुरुवातीला बंद मीटिंगला जा. आणि पंचवटीत राहत असाल तर नदीच्या अलीकडेच जायला पाहिजे असं थोडंच आहे? नाशिकरोड, देवळाली, सिडको, जिकडे कोणी ओळखत नाही तिकडे जा. गटागटाचा स्वभाव फार वेगळा असतो. एका गटावरून एएबद्दल मत बनवू नका, तीन-चार तरी बघा.

तुळशीमाळ

राम कृष्ण हरी. माझा मार्ग वेगळा, पण विषय जवळचा म्हणून लिहितो.

मी माळ घातली आणि दारू सुटली. निवृत्तीनाथांची पालखी त्र्यंबकेश्वरहून पंढरपूरला निघते, तिच्यासोबत चाललो. आमच्या भागात माळ घालून सुटलेले पुष्कळ आहेत आणि माळ काढून परत प्यायलेलेही आहेत. मी दोन्ही बघितले. फरक माळेत नव्हता. ज्यांनी दिंडी धरून ठेवली, एकादशीला चार माणसांत बसायला गेले, ते टिकले. ज्यांनी माळ घातली आणि एकटे राहिले, ते गेले.

तुम्हाला भाव नसेल तर माळ घालू नका, माळेचा मान राहिला पाहिजे. पण माणसांत जाऊन बसा. कोणत्या माणसांत हे तुमचं तुम्ही ठरवा.

पेठरोड

मी उलट बाजूने लिहितो. मखमलाबादकरांचा अनुभव खरा असेल, माझा तसा नव्हता.

मी ज्या गटात गेलो तिथे प्रत्येक वेळी कोणीतरी खांद्यावर हात ठेवून म्हणायचं, 'शरण जा, एक दिवस कळेल.' त्यांचा हेतू चांगला होता हे मान्य. पण दर आठवड्याला कोणीतरी आपल्याला बदलायला टपलेलं आहे असं वाटायला लागलं की माणूस मोकळं बोलत नाही, आणि मोकळं बोलणं हेच तिथलं औषध आहे. ही तक्रार जगात इतरत्रही झाली आहे. टोरांटोत २०११ मध्ये अज्ञेयवादी गटांना एएच्या शहरातल्या यादीतून काढलं होतं, कारण त्यांनी पायऱ्यांमधून देव वगळला होता. मानवी हक्कांची तक्रार झाली आणि २०१७ मध्ये ते परत घेतले गेले. तेव्हा 'कोणालाही मुभा आहे' हे कागदावर जितकं सोपं आहे तितकं प्रत्येक ठिकाणी नाही.

माझी खरी अडचण पहिल्याच पायरीशी होती. दारूपुढे आपण हतबल आहोत हे कबूल करायचं. मला त्या काळात कशाची गरज असेल तर माझ्या हातात काहीतरी आहे हे कळण्याची होती. मी स्मार्ट रिकव्हरी नावाच्या पद्धतीकडे वळलो. १९९४ मध्ये अमेरिकेत सुरू झाली. देव नाही, हतबलता नाही, आयुष्यभराचा शिक्काही नाही. तल्लफ आली की ती कशाने आली, किती वेळ टिकते, त्या वेळी डोक्यात काय चालू असतं, हे कागदावर मांडायला शिकवतात. मीटिंग ऑनलाइन आहेत, बहुतेक इंग्रजीत. ती मोठी उणीव आहे. रडायचं असतं तेव्हा मला इंग्रजी सुचत नाही.

आपल्याकडेही नुसता देवाचाच रस्ता आहे असं नाही. पुण्याचं मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र १९८६ पासून आहे. साताऱ्याचं परिवर्तन तर डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी उभं केलेलं. अंधश्रद्धा निर्मूलनाचं काम करणारा माणूस व्यसनमुक्तीचंही काम करत होता, हे तुमच्या-माझ्यासारख्यांनी लक्षात ठेवावं.

मखमलाबादकर

पेठरोड, तुमचं म्हणणं मनापासून मान्य. असा गट सोडायलाच हवा.

पहिल्या पायरीबद्दल मात्र माझं वेगळं आहे. पहिला पेग घ्यायचा की नाही हे माझ्या हातात आहे. तो घेतल्यावर दुसरा, तिसरा, रात्र कुठे संपणार, हे माझ्या हातात राहत नाही. वर्षानुवर्षं तपासून पाहिलेली गोष्ट आहे. ती मान्य करायला मला कोणत्याच देवाची गरज पडली नाही. दुसऱ्या पायरीतली मोठी शक्ती म्हणजे माझ्यासाठी तो गट. माझ्या एकट्याच्या अकलेपेक्षा वीस सोबर माणसांची अक्कल मोठी आहे, एवढं मला नम्रपणे मानता येतं. सहावी-सातवी, म्हणजे दोष दूर करण्याच्या पायऱ्या, मी माझ्या पद्धतीने करतो, प्रार्थनेची अकरावी करत नाही. माझ्या स्पॉन्सरला, म्हणजे मला वाट दाखवणाऱ्या जुन्या सभासदाला, हे पहिल्या दिवसापासून माहीत आहे.

ओपीडी_संपल्यावर

मी मानसोपचारात काम करतो, नाशिक विभागातच. वैद्यकीय बाजू नोंदवतो.

पुराव्याबद्दल: २०२० मध्ये कॉक्रेन या आढावे घेणाऱ्या संस्थेने २७ अभ्यास आणि १०,००० हून अधिक लोकांची माहिती एकत्र तपासली. रुग्णाला पद्धतशीरपणे एएशी जोडून देणारे उपचार दारूपासून पूर्ण दूर राहण्यात इतर मानसोपचारांपेक्षा काहीसे सरस ठरले. इतर मोजमापांवर साधारण बरोबरीचे. यातले बहुतेक अभ्यास अमेरिकेतले, ते ध्यानात ठेवून वाचावं. शंकेखोर, तुमच्या कामाची गोष्ट पुढे आहे. एएचा उपयोग कशामुळे होतो हेही संशोधकांनी तपासलं आहे. मोठा वाटा मित्रमंडळ बदलण्याचा आणि 'नाही म्हणता येतं' हा आत्मविश्वास वाढण्याचा निघतो. आध्यात्मिक बदलाचा वाटा आहे, तो विशेषतः तीव्र व्यसन असलेल्यांमध्ये दिसतो, पण सगळा डोलारा त्यावर उभा नाही. तुळशीमाळ यांनी दिंडीबद्दल लिहिलं ते याच्या फार जवळचं आहे.

गोळ्यांबद्दल: मीटिंगमध्ये कोणी म्हणालं की आता औषधं सोड, तर ऐकू नका. सभासदांनी डॉक्टर होऊ नये असं एएचंच साहित्य सांगतं.

हा धागा वाचून कोणाला उद्यापासून दारू बंद करावीशी वाटली तर थांबा आणि हे वाचा. रोज भरपूर पिणाऱ्याने घरच्या घरी एकदम बंद करणं धोक्याचं आहे. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसात भ्रम होणं, नसलेलं दिसणं, ताप, घाम हे सुरू झालं तर जिवावर बेतू शकतं. हे औषधांनी टाळता येतं. मानसिक आरोग्याची हेल्पलाइन टेलिमानस १४४१६ आणि व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन १४४४६, दोन्ही मोफत आहेत.

अनामिका_ना

डॉक्टर, एक विचारू का? मला एका नातेवाइकाने गोळ्या आणून दिल्या होत्या, यांना न सांगता वरणात घालायला. म्हणाले, पिऊन उलट्या झाल्या की आपोआप सुटेल. मी घातल्या नाहीत, पण बऱ्याच बायका घालतात.

ओपीडी_संपल्यावर

घातल्या नाहीत हे फार बरं केलंत. त्या बहुधा डायसल्फिरॅमच्या असतात. ती गोळी पोटात असताना दारू प्यायली तर चेहरा लाल होतो, उलट्या होतात, धडधड वाढते, रक्तदाब कोसळतो. क्वचित मृत्यूही होतो. शेवटच्या गोळीनंतर साधारण दोन आठवड्यांपर्यंत हा धोका राहतो. ज्याला माहीतच नाही तो पिणार आणि का त्रास होतोय हे ना त्याला कळणार, ना दवाखान्यातल्या डॉक्टरांना. हे औषध रुग्णाच्या संमतीने आणि तपासण्या करूनच द्यायचं असतं. शिवाय एकदा कळलं की घरच्या जेवणावरचा विश्वास उडतो, तो परत मिळवायला वर्षं लागतात.

तुम्ही स्वतःसाठी अल-अॅनॉन बघा. १९५१ पासून आहे, पिणाऱ्याच्या घरच्यांसाठी. नवरा मीटिंगला जावो न जावो, तुम्ही जाऊ शकता.

त्रिशरण

शंकेखोर, देवाशिवाय दारू सोडायचा रस्ता याच जिल्ह्यात आहे, तो कोणी लिहिला नाही म्हणून लिहितो.

२ मार्च १९३० ला बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला, तुमच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर. १३ ऑक्टोबर १९३५ ला येवल्यात त्यांनी हिंदू म्हणून मरणार नाही असं जाहीर केलं. (मखमलाबादकरांनी सांगितलेलं अॅक्रनचं सालही तेच, वाचताना लक्षात आलं.) १९५६ मध्ये धम्म स्वीकारला. आमच्या पंचशीलातलं पाचवं शील मद्यापासून दूर राहण्याचं आहे. ते कोणा देवाला दिलेलं वचन नाही, आपणच आपल्याला दिलेलं आहे. माझे वडील रोज विहारात म्हणायचे आणि संध्याकाळी प्यायचे, हेही खरं. त्यांची दारू सुटली ती वस्तीतल्या चार जणांनी मिळून सोडली तेव्हा. रोज संध्याकाळी चौघं विहाराच्या ओट्यावर बसायचे, दुकानं बंद होईपर्यंत.

इगतपुरीला विपश्यना केंद्र आहे, दहा दिवसांचं शिबिर. त्याचाही विचार करा.

ओपीडी_संपल्यावर

त्रिशरण, सुरेख लिहिलंत. विपश्यनेबद्दल फक्त एवढंच की डिटॉक्सनंतर लगेच नको. दहा दिवस मौन, फोन नाही, सोबत आपलंच मन. सुरुवातीच्या आठवड्यांत ते काहींना झेपत नाही. आपल्या डॉक्टरांना विचारूनच जा आणि अर्जात आजार आणि औषधं खरी लिहा.

गंगापूरडॅम

विषयाला थोडं सोडून. नाशकात दारू सोडणाऱ्याला एक वेगळाच त्रास आहे. पाहुणे आले की त्यांना वायनरी दाखवायला न्यायचं, ऑफिसचा कार्यक्रम वायनरीत, साखरपुड्यानंतरची पार्टी वायनरीत. 'ही दारू थोडीच आहे, द्राक्षाचा रस आहे' असं म्हणून ग्लास हातात देतात. वाइनमध्ये साधारण १२-१३ टक्के अल्कोहोल असतं. माझ्या भावाचं घसरणं अशाच एका ग्लासापासून सुरू झालं. मीटिंग ठरवाल ती ठरवा, पण अशा आमंत्रणांना काय उत्तर द्यायचं ते आधी ठरवून ठेवा.

शंकेखोर

सगळ्यांचे आभार. प्रत्येक प्रतिसाद एकापेक्षा जास्त वेळा वाचला आहे.

ठरवलं ते असं. बंद मीटिंगला जायचं, नदीपलीकडच्या गटात. तिथे जे सूत्रसंचालन करतील त्यांना सुरुवातीलाच सांगायचं की मी अज्ञेयवादी आहे, प्रार्थना म्हणणार नाही, उभा राहीन. त्यांना ते चालत नसेल तर दुसरा गट. पेठरोड यांनी लिहिलं तसं कोणी मला वळवायला लागलं तर एकदा स्पष्ट सांगेन, आणि नाही थांबलं तर तिथून निघेन, पण मीटिंगा सोडणार नाही. स्मार्टचे कागद उतरवून घेतले आहेत, तेही करतोय. तल्लफ लिहून काढायला मला आवडतं आहे. गोळ्या चालू.

माझ्या मनातला गुंता तुळशीमाळ आणि त्रिशरण यांच्या प्रतिसादांनी सुटला. दिंडीतले आणि विहाराच्या ओट्यावरचे लोक एकमेकांपासून किती वेगळे, पण दोन्हीकडे माणूस टिकला तो संध्याकाळी एकटा राहिला नाही म्हणून. गडावर मी जे केलं त्यात मला एकट्यालाच काहीतरी म्हणायचं होतं आणि म्हणून झाल्यावर सगळे घरी गेले. मीटिंगमध्ये मला काही म्हणण्याची सक्ती नाही आणि पुढच्या आठवड्यात ती माणसं पुन्हा तिथेच असतील. मग त्यात खोटं कुठे येतं?

वडिलांना सांगितलं. ते म्हणाले, 'जा. देवाचं मी बघतो.' एवढंच बोलले, आणि मला ते खूप आहे.

पेठरोड

चांगलं ठरवलंत. कोणी वळवायला लागलं तर पहिल्याच वेळी सांगा, मी फार दिवस गप्प राहिलो होतो. स्मार्टच्या एका ऑनलाइन मीटिंगची वेळ व्यनि (व्यक्तिगत निरोप) केली आहे, पहिल्या वेळी मी सोबत असेन.

अनामिका_ना

यांनी काल हा पूर्ण धागा वाचला, मी वाचायला सांगितलं नव्हतं. वाचून म्हणाले, मखमलाबादकर म्हणतात तशी खुली मीटिंग असेल तर आपण दोघं जाऊन बघू, पण मी बोलणार नाही. चालेल का? आणि मी साडी नेसून, नेहमीसारखी गेले तर कोणी बघत बसेल का? तिथे बायका असतात का?

मखमलाबादकर

चालेल ताई. त्यांना बोलायची काहीच गरज नाही, तुम्हालाही नाही. बायका येतात, कमी असतात पण येतात, काही घरच्या म्हणून आणि काही स्वतःसाठी. कोणी बघत बसत नाही. दहा मिनिटं आधी या, म्हणजे भरलेल्या खोलीत सगळ्यांसमोरून आत शिरावं लागणार नाही. नाशिकमधल्या खुल्या मीटिंगचे वार आणि ठिकाणं तुम्हाला व्यनि करतो. इथे उघड लिहीत नाही, तिथे येणाऱ्यांची अडचण व्हायला नको.